तळघरातल्या बाटल्यांचं मोल

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

इंग्लंडमधल्या एखाद्या जुन्या घरातलं वडीलधारं माणूस जातं, घर रिकामं करायची वेळ येते आणि तळघरात वाइनच्या पन्नास-साठ बाटल्या आडव्या ठेवलेल्या सापडतात. मुलांना त्यातलं काही कळत नसतं. एखादी बाटली दिवाणखान्यातल्या पियानोपेक्षा महाग असू शकते आणि तिच्या शेजारच्या बाटलीत नुसतं आंबलेलं पाणी असू शकतं. बाहेरून दोन्ही सारख्याच धुळकट! मग यांची किंमत ठरवायची कशी आणि विकायच्या कुठे?

वाइन जितकी जुनी तितकी महाग, हा पहिला समज बाजूला ठेवू या. आपल्याकडेही जुन्या तांदळाला मान असतो. पण म्हणून वीस वर्षांचा तांदूळ कुणी पंगतीला वाढत नाही. जगात तयार होणारी बहुतेक वाइन थोड्याच वर्षांत पिऊन टाकायची असते. पुढची कित्येक दशकं टिकणारी आणि टिकता टिकता सुधारणारी वाइन थोडीच. फ्रान्समधल्या बोर्दो प्रांतात १८५५ साली पॅरिसच्या प्रदर्शनासाठी द्राक्षमळ्यांची प्रतवारी लावली गेली, ती आजही बाजारात मानली जाते. लाफित, लातूर, मार्गो ही त्यातली पहिल्या श्रेणीची नावं. (हे लातूर आपलं नव्हे, उच्चार तेवढा जवळचा!) बर्गंडी प्रांतातला रोमाने-काँती हा मळा तर जेमतेम १.८ हेक्टरचा. शिवाय साल महत्त्वाचं. बोर्दोमध्ये १९६१ किंवा १९८२ सालच्या बाटलीला जो भाव येतो, त्याच्या काही अंशानेही तो त्याच मळ्याच्या पावसात भिजलेल्या वर्षाला येत नाही.

नाव आणि साल पाहून झालं, की जाणकार बाटली उजेडासमोर धरतो. तो आतल्या द्रवाची पातळी पाहत असतो. बुचातून वर्षानुवर्षं किंचित बाष्पीभवन होत राहतं आणि पातळी उतरते. बोर्दोच्या बाटलीला गळा आणि खांदा असतो. तीस-चाळीस वर्षांच्या बाटलीत वाइन खांद्याच्या वरच्या टोकाला असेल, तर ते वयाला धरून झालं. खांद्याच्या मध्यापर्यंत उतरली असेल, तर बूच सैल झालंय, हवा आत गेलीय, असं समजायचं. मग भाव कोसळतो. बर्गंडीच्या बाटलीला असा ठसठशीत खांदा नसतो, म्हणून तिथे बुचापासून किती सेंटिमीटर खाली, असं मोजतात. बुचावरचं धातूचं टोपण, लेबल, गळतीचे डाग हेही पाहिलं जातं. पण घरच्यांनी उत्साहाने बाटल्या धुऊन-पुसून ठेवू नयेत. ओल्या फडक्याने लेबल सुटतं आणि त्याबरोबर पैसेही. मूळ बारा बाटल्यांची लाकडी पेटी असेल, तर तीही फोडू नये.

याहून महत्त्वाचा प्रश्न मात्र बाटलीकडे बघून सुटत नाही. ही बाटली आजवर होती कुठे? बारा-तेरा अंश सेल्सियसच्या आसपासचं स्थिर तापमान, अंधार आणि थोडा दमटपणा, एवढं तिला लागतं. स्वयंपाकघरातल्या फडताळात चार उन्हाळे काढलेली लाफित ही नावाचीच लाफित. म्हणून खरेदीच्या पावत्या, व्यापाऱ्याची पत्रं, गोदामाच्या नोंदी यांना बाटलीइतकीच किंमत असते. कर भरण्यापूर्वी माल ज्या सरकारमान्य गोदामात राहतो, तिथून न हललेल्या पेटीला तर हमखास जास्त बोली लागते. ऑक्टोबर २०१८मध्ये न्यूयॉर्कला सदबीजच्या लिलावात रोमाने-काँतीची १९४५ सालची एक बाटली ५,५८,००० डॉलरला गेली. अंदाज होता फार तर ३२,००० डॉलरचा. त्या वर्षी अवघ्या ६०० बाटल्या झाल्या होत्या, हे एक कारण. दुसरं म्हणजे बाटली बर्गंडीतले नामवंत वाइन-व्यापारी रोबेर द्रुएं यांच्या स्वतःच्या तळघरातून आली होती. मधल्या प्रवासाबद्दल शंकेला जागाच नव्हती.

जिथे हा प्रवास कुणी विचारला नाही, तिथे काय झालं तेही पाहा. ५ डिसेंबर १९८५ रोजी लंडनला क्रिस्टीजने १७८७ सालची लाफितची एक बाटली १,०५,००० पौंडांना विकली. काचेवर ‘टीएच. जे.’ अशी अक्षरं कोरलेली. ती अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष थॉमस जेफरसन यांची, असं सांगितलं गेलं. बाटल्या पॅरिसमधल्या एका बंद तळघरात सापडल्याचं जर्मन संग्राहक हार्डी रोडेनस्टॉक सांगत. ते तळघर कुठलं, हे मात्र नाही. पुढे अमेरिकन उद्योगपती बिल कोच यांनी अशा चार बाटल्या घेतल्या. २००५ साली बोस्टनच्या एका संग्रहालयाने त्यांच्याकडे पूर्वइतिहासाची कागदपत्रं मागितली, तेव्हा शोध सुरू झाला. जेफरसन यांच्या तपशीलवार नोंदींत या बाटल्यांचा मागमूस नव्हता आणि अक्षरं विजेच्या हत्याराने कोरली असल्याचं तज्ज्ञांचं मत पडलं.

त्याहून धीट प्रकार रूडी कुर्नियावान याचा. एप्रिल २००८मध्ये न्यूयॉर्कच्या एका लिलावात बर्गंडीच्या पाँसो घराण्याच्या ‘क्लो सँ-दनी’ वाइनच्या १९४५ ते १९७१ या सालांच्या बाटल्या मांडल्या होत्या. घराण्याचे प्रमुख लोराँ पाँसो जातीने तिथे हजर झाले. त्यांच्या घराण्याने ही वाइन करायला सुरुवातच १९८०च्या दशकात केली होती! बाटल्या मागे घेतल्या गेल्या. २०१२ साली कुर्नियावानच्या घरावर छापा पडला, तेव्हा छापलेली लेबलं, बुचं, शिक्के असा कारखानाच सापडला. २०१४मध्ये त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यामुळे आज प्रामाणिक वारसालाही पावती विचारली जाते, यात अपमान मानू नये.

विक्रीचे मार्ग तीन: लिलाव, व्यापाऱ्याला एकगठ्ठा विक्री किंवा व्यापाऱ्यामार्फत दलालीवर. एकगठ्ठ्यात पैसे लवकर येतात, पण कमी. लिलावाचे आकडे वर्तमानपत्रात येतात आणि तिथेच गफलत होते. समजा, हातोडा १,००० पौंडांवर पडला. खरेदीदाराचा अधिभार २५ टक्के धरला, तर तो देणार १,२५० आणि छापून येणार बहुधा तोच आकडा. विकणाऱ्याकडून १० टक्के दलाली कापली, तर हातात ९००. विमा आणि वाहतूक वेगळी. म्हणून सही करण्यापूर्वी दलाली किती, राखीव किंमत किती आणि बाटली न विकल्यास खर्च कुणाचा, हे लेखी घ्यावं. शक्य तर दोन-तीन ठिकाणी यादी पाठवावी: मळा, साल, बाटलीचा आकार, पातळी, छायाचित्रं. एकाच ठिकाणचा अंदाज प्रमाण मानू नये. काही जण माल मिळवण्यासाठी तो चढवून सांगतात.

आपल्याकडे यातलं काही घरबसल्या करता येणार नाही. महाराष्ट्रात १९४९च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय मद्य विकणं हा गुन्हा आहे, मग ते वारशाने आलेलं का असेना. परदेशातल्या नातेवाइकाच्या मालमत्तेत अशा बाटल्या निघाल्या, तर त्या सामानात घालून इकडे आणण्यापेक्षा तिथल्या तिथेच विकणं शहाणपणाचं. नाहीतर प्रवासात त्या हलतात, तापतात आणि वर जकात पडते ती वेगळीच.

यादी परत येते तेव्हा बऱ्याच नावांपुढे ‘विक्रीयोग्य नाही’ असा शेरा असतो. या बाटल्या घरच्यांनी उघडाव्यात. आधी दिवसभर उभ्या ठेवाव्यात, म्हणजे गाळ तळाला बसतो. जुनं बूच स्क्रूने ओढलं तर भुगा होतो; त्यासाठी दोन पातळ पात्यांचं हत्यार मिळतं, ते बुचाच्या कडेने सारून हळूहळू फिरवत बूच वर घ्यायचं.