आधी हिशेब, मग क्रम

डॉ. डी. एम. नंजुंडप्पा समितीने २००२ साली कर्नाटकातल्या प्रादेशिक असमतोलाचा अहवाल दिला. शेती, उद्योग, दळणवळण, शिक्षण, आरोग्य अशा क्षेत्रांतले ३५ निकष घेऊन तिने प्रत्येक तालुक्याचा निर्देशांक काढला आणि राज्याची सरासरी १ धरून १७५ तालुक्यांची वर्गवारी केली. ११४ तालुके मागास ठरले. त्यांतल्या ३९ अतिमागास तालुक्यांत बिदर जिल्ह्यातले औराद, भालकी, बसवकल्याण आणि हुमनाबाद होते. हा निर्देशांक कोणी गावात जाऊन मोजून आणलेला नसतो, तो हिशेबातून निघतो. मागासलेपणाची चर्चा आणि निधीची मागणी अशा क्रमवारीवर उभी राहत असेल, तर ती वेबसाइटवर कशी मांडली जाते ही केवळ संगणकवाल्यांची बाब राहत नाही. माझे म्हणणे एवढेच की, हिशेबातून निघालेला आकडा लोकांसमोर ठेवताना आधी सगळ्या ओळींचा हिशेब करावा, मग क्रम लावावा आणि त्यानंतरच तक्त्याची पाने पाडावीत.

हा क्रम चुकला की काय होते, ते २०११ च्या जनगणनेवरून पाहू. बिदर आणि त्याच्या आसपासचे जिल्हे घेतले, तर लोकसंख्येच्या उतरत्या क्रमाने नांदेड (३३,६१,२९२), कलबुर्गी (२५,६६,३२६), लातूर (२४,५४,१९६), बिदर (१७,०३,३००) आणि तेव्हाचे उस्मानाबाद (१६,५७,५७६) असे पाच जिल्हे लागतात. दर चौरस किलोमीटरची घनता काढली की चित्र पालटते: लातूर ३४३, नांदेड ३१९, बिदर ३१३, कलबुर्गी २३४, उस्मानाबाद २१९. आता समजा, पानावर दोनच ओळी मावतात आणि डेटाबेसमध्ये फक्त लोकसंख्या व क्षेत्रफळ साठवले आहे. घाईतला प्रोग्रामर लोकसंख्येने पहिले दोन जिल्हे मागवतो, त्यांची घनता काढतो आणि त्या दोघांनाच क्रम लावतो. पानावर नांदेड पहिले, कलबुर्गी दुसरे. जो खरा पहिला, तो लातूर जिल्हा पानावर नाहीच. एकही आकडा खोटा नाही, तरी तक्ता खोटे सांगतो.

दुसरी चूक आणखी बेमालूम असते. संगणक आकड्याला मजकूर समजला, तर तो पहिला अंक आधी पाहतो. उडुपी जिल्ह्याचे लिंग-गुणोत्तर १०९४, बिदरचे ९५६; पण ९ हा १ पेक्षा मोठा, म्हणून उतरत्या क्रमात उडुपी बिदरच्या खाली जाऊन बसते. दशांश कापून, स्वल्पविराम घालून आकडा नीटनेटका करायचा तो क्रम लागल्यानंतर. आधीच कापला, तर लहानसा खरा फरक पुसला जातो आणि कोण वर, कोण खाली हे योगायोगावर राहते.

यावर कोणी म्हणेल, नावांचा वर्णक्रम ठेवावा, तो निःपक्षपाती असतो. पण मराठीत कलबुर्गी आधी आणि बिदर नंतर, तर इंग्रजीत बरोबर उलट. मग निःपक्षपाती कोणता? नाव शोधायला शोधपट्टी पुरते. दुसरा आक्षेप वेळेचा. १७५ ओळींचा हिशेब संगणकाला क्षणाचेही काम नाही. देशातल्या सहा लाखांहून अधिक गावांचा प्रश्न आला, तर माहिती बदलेल तेव्हा एकदाच हिशेब करून तो साठवावा आणि त्यावर क्रम लावावा. तिसरा आक्षेप वजनदार आहे: क्रमवारीमुळे गुंतागुंतीचे वास्तव एका आकड्यात कोंबले जाते. हे खरे आहे. म्हणून क्रम कशावर लावला हे तक्त्याच्या डोक्यावर लिहावे, मूळ आकडे शेजारच्या रकान्यांत द्यावेत आणि वाचकाला दुसऱ्या रकान्यावर क्रम बदलण्याची सोय ठेवावी. तो बदलही दिसणाऱ्या पानापुरता नसावा, सगळ्या तक्त्याला लागावा.

बिदरजवळच्या नौबादमध्ये मोबाइलवर आपला तालुका शोधणारा वाचक बहुधा पहिलेच पान पाहील आणि त्यावरच मत बनवेल. त्याच्याकडे मूळ आकडे नाहीत, पडताळायला सवड नाही. म्हणून पहिले पान खरे असण्याची जबाबदारी त्याच्यावर ढकलता येत नाही. ती तक्ता मांडणाऱ्याचीच आहे.