चौकोनी दांड्याला पीळ: चार गैरसमज

चौकोनी छेदाचा लांबट खोडरबर घ्या. चारही बाजूंवर पेनाने बारीक चौकटी आखा आणि दोन्ही टोकं धरून तो पिळा. बाजूच्या मधल्या चौकटी तिरप्या होऊन शंकरपाळ्यांसारख्या दिसतात; कडेलगतच्या मात्र जवळपास काटकोनातच राहतात. गोल शाफ्टवर पक्के झालेले आडाखे इथे का चालत नाहीत, ते या खोडरबरावरच दिसतं.

गैरसमज १: कोपरा मध्यापासून सर्वांत दूर, म्हणून तिथे प्रतिबल सर्वाधिक.

वस्तुस्थिती: बाहेरच्या कोपऱ्यावर कर्तन प्रतिबल शून्य असतं. दांड्याच्या बाजू मोकळ्या असतात, त्यांना बाहेरून कोणी घासत नाही. त्यामुळे कडेवरचं प्रतिबल कडेला समांतरच असावं लागतं. कोपऱ्यावर दोन कडा मिळतात आणि एकाच वेळी दोन्हींना समांतर राहणं अशक्य, म्हणून ते नाहीसं होतं. सर्वाधिक प्रतिबल बाजूच्या मध्यावर येतं. आयताकृती छेदात तर ते लांब बाजूच्या मध्यावर, म्हणजे केंद्राला सर्वांत जवळच्या कडेवरच्या बिंदूवर असतं.

गैरसमज २: पोलर मोमेंट काढला की पिळाविरुद्धचा कडकपणा कळतो.

वस्तुस्थिती: हे फक्त गोल छेदाला, भरीव वा पोकळ, लागू आहे. इतर छेद पिळताना सपाट राहत नाहीत, काही भाग पुढे येतो, काही मागे जातो. फ्रेंच अभियंता सेंट-व्हेनांत यांनी १८५५ मध्ये हे गणिताने मांडलं. बाजू १ एकक असलेल्या चौरसाचा पोलर मोमेंट ०.१६६७, पिळाचा खरा स्थिरांक ०.१४०६. म्हणजे आपण कडकपणा सुमारे १९ टक्के जास्त धरतो. गोल नळीला लांबीभर चीर पाडली तर फसगत फारच मोठी होते. त्रिज्या जाडीच्या दहापट असेल, तर पोलर मोमेंट जवळपास तोच राहतो, पण खरा कडकपणा सुमारे ३०० पटींनी घटतो. पुठ्ठ्याची नळी ब्लेडने उभी चिरून पिळा, हाताला लगेच कळेल.

गैरसमज ३: फायनाइट एलिमेंट पद्धत, म्हणजे छेदाचे छोटे घटक पाडून उत्तर काढणं, म्हटलं की हजारो घटक आणि मोठा संगणक हवाच.

वस्तुस्थिती: रिचर्ड कूरांट यांनी १९४३ च्या निबंधात याच कल्पनेने पोकळ चौरस छेदाच्या पिळाचाच प्रश्न घेतला होता. 'फायनाइट एलिमेंट' हे नाव तर १९६० मध्ये आलं. तुम्हीही कागदावर करून पाहा. बाजू १ असलेल्या भरीव चौरसाचे कर्ण काढून चार त्रिकोण करा, प्रांटल यांचं प्रतिबल-फलन (ज्याच्या उतारावरून कर्तन प्रतिबल मिळतं) कडेवर शून्य ठेवा. केंद्रावरची एकच किंमत अज्ञात उरते. पिळाच्या स्थिरांकाचं उत्तर येतं ०.१११. या मार्गाचं उत्तर खऱ्यापेक्षा नेहमी कमी येतं. विस्थापनाच्या मार्गाने, अख्ख्या छेदावर चार नोडचा (कोपऱ्यांवरच्या बिंदूंचा) एकच घटक घेतला, तर ०.१६७ येतं आणि तो मार्ग नेहमी जास्त सांगतो. खरं उत्तर या दोहोंच्या मध्ये कोंडलेलं आहे. घटकांची जाळी बारीक करत जाल तशा दोन्ही भिंती जवळ येतात.

गैरसमज ४: जाळी पुरेशी बारीक केली की उत्तर खरंच येणार.

वस्तुस्थिती: जाळी फक्त तुम्ही सांगितलेला प्रश्न सोडवते. शाफ्टच्या कीवेचा (चावी बसवायच्या खाचेचा) आतला कोपरा अगदी धारदार दाखवला, तर तिथलं प्रतिबल प्रत्येक बारीक जाळीगणिक वाढतच जातं, कारण त्या आदर्श आकृतीत ते अनंत आहे. तिथे खरी गोलाई दाखवावीच लागते. दुसरी चूक टोकाची. टोकाचे सगळे नोड घट्ट बांधले, की छेदाचं पुढे-मागे होणं अडतं. भरीव चौरसात याचा परिणाम टोकाजवळच विरतो. चिरलेल्या नळीसारख्या उघड्या, पातळ छेदात तो दूरवर पोचतो आणि दांडा आहे त्याहून कडक भासतो.

म्हणून संगणकाने काढलेल्या प्रतिबलाच्या रंगीत चित्रावर विश्वास टाकण्याआधी साधा भरीव चौरस सोडवून पाहा. ०.१४०६ येतं का? टोकांपासून दूरच्या छेदात बाहेरचे कोपरे निळे आणि बाजूंचे मध्य लाल दिसतात का? खोडरबरावरच्या शंकरपाळ्यांनी हेच आधी सांगितलं होतं. त्यांच्याशी चित्र जुळलं, की मग खऱ्या भागाकडे वळा.