जुन्या वस्तीतील नवे अग्निशमन केंद्र
इंदूरच्या सातमजली राजवाड्याचे खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी. १८०१, १९०८ आणि १९८४ या तीन वर्षांतील आगी त्याने सोसल्या. शेजारच्या सराफ्यात दिवसा सोन्याचांदीचा व्यापार, तर रात्री खाद्यपदार्थांच्या भट्ट्या पेटतात. त्या गर्दीत मोठा बंब शिरणार कसा? म्हणून अशा वस्तीचे अग्निशमन केंद्र वेशीवर, रुंद रस्त्यालगत असावे. बोळांसाठी लहान वाहने आणि ठिकठिकाणी भूमिगत जलवाहिनीच्या तोट्या असाव्यात. केंद्राची उंची व सज्जे शेजारधर्म पाळणारे असावेत. दारे मात्र आजच्या बंबाच्याच मापाची हवीत. शोभेपायी दार अरुंद झाले, तर वारसाही जळेल आणि त्यात राहणारी माणसेही. वेळेवर पोहोचलेले पाणी हाच जुन्या वस्तीचा खरा सन्मान होय.