स्वादुपिंडाचा कर्करोग : निदानानंतरचे पहिले दिवस

शरीराच्या बत्तीस अंगांची जी यादी पाली साहित्यात येते, तीत यकृत, प्लीहा, फुप्फुस, आतडी यांची नावे स्पष्ट आहेत. स्वादुपिंडाचे नाव मात्र निश्चितपणे सापडत नाही. 'किलोमक' या शब्दाशी त्याचा संबंध जोडण्याचा मोह होतो, कारण संस्कृत 'क्लोम' हा शब्द पुढे हिंदीत या ग्रंथीसाठीही वापरला गेला. परंतु विसुद्धिमग्गात आचार्य बुद्धघोष किलोमकाचे वर्णन वेढणारा पडदा असे करतात. जठराच्या मागे, पाठीच्या कण्यालगत दडलेली ही ग्रंथी प्राचीनांच्या नजरेतूनही निसटली असावी.

तिचा कर्करोगही असाच दडून वाढतो. पोटातून पाठीत जाणारी कळ, मंदावलेली भूक, उतरणारे वजन, उतारवयात एकाएकी जडलेला मधुमेह ही लक्षणे इतर आजारांतही आढळतात. ग्रंथीच्या शीर्षभागी गाठ असेल तर पित्तनलिका दाबली जाऊन कावीळ होते, अंगाला खाज सुटते. आपल्याकडे कावीळ झाडपाल्याने 'उतरवून' घेण्याची रूढी अद्याप आहे. तीत मोलाचे आठवडे वाया जातात. निदानाच्या वेळी गाठ शस्त्रक्रियेने काढता येईल असे रुग्ण पाचांत एकाहून अधिक नसतात.

निदान कळताच मनात उठणारा पहिला प्रश्न बहुधा वैद्यकीय नसतो. 'मी असे कोणते पाप केले?' असे रुग्ण विचारतो, आणि भेटीस येणारे त्याला पूर्वकर्माचे उत्तर देतात. संयुत्तनिकायात मोळियसीवक परिव्राजक भगवंतांना नेमके हेच विचारतो. मनुष्य जे जे भोगतो ते सर्व पूर्वकर्मामुळेच, हे मत भगवंत नाकारतात. पित्त, कफ, वात, ऋतुबदल अशी आठ कारणे सांगतात आणि कर्म हे त्यांतील केवळ एक ठरते. तंबाखू, दीर्घकाळचा स्वादुपिंडदाह, आनुवंशिकता ही या रोगाची ज्ञात कारणे होत. पुष्कळ रुग्णांत यांपैकी एकही आढळत नाही.

दुसरी अडचण मौनाची. आमच्या घरातील एका ज्येष्ठांना आम्ही 'पोटाला सूज आहे' एवढेच सांगितले. त्यांना सर्व उमगले होते. आम्हांस दुःख होऊ नये म्हणून त्यांनी पाठीतली कळ लपवली, आणि जी वेदना मॉर्फिनने आटोक्यात आली असती ती ते कित्येक आठवडे सोसत राहिले. विनयातील महावग्गात शुश्रूषेस सुकर अशा रुग्णाचे पाच गुण सांगितले आहेत. आजार वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, असे शुश्रूषकाला यथार्थ सांगणे हा त्यांतील एक. परंतु ज्याच्यापासून आजाराचे नावच लपवले, त्याने यथार्थ सांगावे तरी कसे?

सांगण्याजोगे पुष्कळ असते. शौच तेलकट होऊन पाण्यावर तरंगू लागले तर पाचकरस अपुरा पडत आहे असे समजावे. जेवणासोबत घ्यावयाची औषधे मिळतात आणि त्यांनी अन्न अंगी लागते. काविळीसाठी पित्तनलिकेत स्टेंट बसवता येतो. गाठ काढता येईल काय, केमोथेरपीने काय साधेल, तिचा त्रास किती, हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत एक जाणता मनुष्य असावा. वेदनाशामक उपचार अगदी शेवटी घ्यावयाचे असतात हा समज सोडावा. ते पहिल्या दिवसापासून मागता येतात.

अंगुत्तरनिकायात नकुलमातेची कथा आहे. पती नकुलपिता गंभीर आजारी. मागे राहणाऱ्यांची चिंता त्यास जाळते आहे. ती त्याला अनित्यतेचा उपदेश करीत बसत नाही. मी सूत कातण्यात, लोकर पिंजण्यात कुशल आहे, मुलांचे पोषण करीन, घर चालवीन, असे ती प्रथम सांगते. शील-समाधीचा विषय त्यानंतर येतो. सुत्तात नकुलपिता बरा होतो. तसे आश्वासन आज आपण कोणास देऊ नये. मात्र तिच्या बोलण्याचा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे.

घर कसे चालेल याची सोयही पाहावी लागते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, जे 1941 साली सुरू झाले, वैद्यकीय समाजकार्य विभाग आहे. खर्च व निवासाची अडचण तेथे निःसंकोच मांडावी. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगावरील अनेक उपचार समाविष्ट आहेत. योजनेशी संलग्न रुग्णालयात आरोग्यमित्र भेटतो. उपचार थांबवण्याची वेळ आलीच तर वांद्र्याचे शांती अवेदना सदन आहे. 1986 पासूनचे हे देशातील पहिले शुश्रूषागृह होय.

विहारातून भेटीस जाणाऱ्यांनी 'काही लागले तर सांगा' असे म्हणून परतू नये. मंगळवारी डबा कोण नेणार, केसपेपरच्या रांगेत कोण उभे राहणार, रात्री जागून थकलेल्या पत्नीला दोन तास झोप कोण मिळवून देणार, हे आपसांत ठरवून मगच जावे.