चौघांची भिंत

मुंबईची जहांगीर आर्ट गॅलरी खऱ्या अर्थाने पाहायची असेल, तर प्रदर्शन उतरवून दुसरं लावायची वेळ गाठावी. इथे प्रदर्शनं सहसा मंगळवार ते सोमवार चालतात. सोमवारी सातला दालन बंद झालं की एका गटाची चित्रं खाली येतात आणि मंगळवारी अकराला दार उघडेपर्यंत दुसऱ्या गटाची वर चढलेली असतात. मधल्या तासांत फरशीवर बबल रॅप, सुतळी आणि पुठ्ठे पसरलेले असतात. कुणीतरी शिडीवर असतं आणि खालून दुसरा ओरडतो, ‘डावीकडनं जरा वर घे!’

बहुतेक वेळा ती चार-पाच जणांची जत्रा असते. कोल्हापूर, सांगली, नाशिक, डोंबिवली अशा गावांतले, एकाच कला महाविद्यालयात शिकलेले किंवा एकाच शाळेत चित्रकला शिकवणारे मित्र. भाडं, टेम्पो, फ्रेमिंग, कॅटलॉग, मुंबईतला मुक्काम हा खर्च एकट्याच्या पगारातून निघत नाही. चौघांत वाटला की निघतो. समूह प्रदर्शनाचं पहिलं कारण इतकं साधं आहे आणि ते सांगण्यात कमीपणा काही नाही.

पैशांपलीकडची गोष्ट मात्र भिंतीवर घडते. दारासमोरची भिंत सगळ्यांनाच हवी असते. कधी वयाने मोठ्याला मान दिला जातो, कधी चिठ्ठ्या टाकतात. मग शेजार ठरवायचा. गडद निळ्या अमूर्त चित्राशेजारी पंचगंगेच्या घाटाचं ऊनभरलं जलरंगचित्र लावलं, तर एक मरतं किंवा दोन्ही खुलतात. कोणतं होईल ते लावल्याशिवाय कळत नाही. स्टुडिओत वर्षभर एकटं पाहिलेलं आपलं काम मित्राच्या कामाशेजारी पाहिलं की चित्रकाराला त्यातली उणीव लख्ख दिसते. समीक्षकाने चार पानं लिहिली तरी एवढं उमगत नाही, असं माझं ठाम मत आहे.

मुंबईत समूह प्रदर्शनाची ही रीत जहांगीरच्या आधीची. सूझा, रझा, आरा, हुसेन, गाडे हे चित्रकार आणि शिल्पकार बाकरे यांनी १९४७ मध्ये प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला आणि १९४९ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटीच्या दालनात एकत्र प्रदर्शन मांडलं. सहा जणांची चित्रभाषा सहा तऱ्हांची होती. मोटारी धुण्याचं काम केलेला आरा आणि जे. जे. कला महाविद्यालयातून काढून टाकलेला सूझा यांना एका भिंतीने एकत्र आणलं. हा गट फार वर्षं टिकला नाही, पण आजही चार मित्र मिळून प्रदर्शन ठरवतात तेव्हा कुणीतरी त्यांचं नाव घेतंच.

जहांगीर उघडली १९५२ मध्ये. चित्रकार हेब्बर आणि शास्त्रज्ञ होमी भाभा यांच्या आग्रहामुळे सर कावसजी जहांगीर यांनी पैसा दिला आणि दिवंगत मुलाचं नाव इमारतीला दिलं. पहिल्या मजल्यावर १९६३ मध्ये गॅलरी केमोल्ड आली, पुढच्याच वर्षी ‘समोवार’ सुरू झालं. त्या चिंचोळ्या उपाहारगृहात चहावर तासन्‌तास बसता यायचं. ते २०१५ मध्ये बंद झालं, आणि प्रदर्शनातल्या मोकळ्या दुपारी कुठे घालवायच्या हा प्रश्न बाहेरगावच्या चित्रकारांपुढे उभा राहिला. मला ती जागा अजून आठवते.

प्रवेश मोफत असल्यामुळे इथे कुणीही येतं. वकील, शाळेची सहल, उन्हातून सावलीला आलेलं जोडपं, सगळे एकाच चित्रापुढे थांबतात. बाहेरच्या फुटपाथवरही चित्रकार आपली कामं मांडून बसलेले असतात, त्यामुळे आत-बाहेर पाहत पाहत माणूस चित्रांतच फिरत राहतो. आत टेबलावर अभिप्रायाची वही असते. तिच्यातल्या ‘छान’, ‘सुंदर’ या शेऱ्यांच्या गर्दीत कधी एखादी बाई लिहून जाते की या चित्रातलं अंगण तिच्या माहेरच्यासारखं आहे. चित्रकार ती ओळ इतरांना वाचून दाखवतात. चित्र विकल्याची लाल टिकली लागली की आनंद होतोच, पण चौघांपैकी एकाचीच चित्रं विकली गेली तर रात्री जेवताना तो मुद्दाम दुसराच विषय काढतो.

सोमवारी संध्याकाळी पुन्हा सुतळी आणि पुठ्ठे बाहेर येतात. टेम्पोत चित्रं चढवताना अदलाबदल होते: ‘तुझा घाट माझ्याकडे राहू दे, माझं निळं तू ने.’ नावांच्या पट्ट्या मग नव्याने चिकटवाव्या लागतात.