तिसरा कुसू तिसऱ्याच खाचेत

सकाळी ६

माघातली थंडी पिंपळनेरला लवकर उठत नाही. पांझरेकडून येणारा वारा अजून बोचरा आहे आणि सटाण्याच्या रस्त्यावर कांद्याच्या गाड्यांची वर्दळ आताच सुरू झाली आहे. आज रविवार. आठवडाभर शाळेत मुलांची वस्तुचित्रं आणि स्मरणचित्रं तपासते. आजचा दिवस मात्र मागच्या खोलीचा आहे.

ही खोली पूर्वी धान्याची होती. तिला एकच खिडकी, तीही उत्तरेची. घरातल्यांना ती अंधारी वाटते, पण चित्र काढणाऱ्याला अशीच खिडकी हवी असते. उत्तरेकडून ऊन सहसा थेट आत येत नाही, उजेड दिवसभर जवळपास सारखा राहतो. सकाळी मांडलेल्या तांब्याची सावली दुपारीही जागेवर असते. या खोलीत मला माझी चित्रशाळा करायची आहे, आणि तिच्यासाठी नवं फर्निचर आणायचं नाही हे ठरलेलं आहे. घरातच दोन वस्तू पडून आहेत: आजेसासऱ्यांच्या आडतीच्या दुकानातलं बैठं डेस्क आणि दूधदुभतं ठेवायचं जाळीचं कपाट. दोन्ही सागाची.

उजाडताच दोन्ही वस्तू ओट्यावर काढल्या.

सकाळी ७

पहिला तास हत्याराला हात लावायचा नाही, नुसतं बघायचं. कपाट आडवं केलं, डेस्क उलटं केलं. पुढची बाजू सगळ्यांना दाखवण्यासाठी केलेली असते. वस्तूची खरी हकिकत मागून आणि खालून कळते. डेस्कच्या तळाला चौकोनी अंगाचे, हातानं घडवलेले खिळे आहेत. सांध्यांतून तपकिरी, काचेसारखा तडकलेला सरस दिसतो. १९५९ मध्ये फेव्हिकॉल आलं आणि पुढे घरोघरच्या सुतारकामातून सरस शिजवायचं भांडं हळूहळू मागे पडलं. डेस्क बहुधा त्याच्या बरंच आधीचं आहे. पिंपळनेर एकेकाळी तालुका होता. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये त्याची तशी नोंद आहे. अशा गावात आडत, हुंडी, खतावणी यांना तोटा नसणार. डेस्कच्या झाकणावर उजव्या हाताच्या कोपराची जागा इतकी घासली आहे की बोट फिरवलं तर उथळ वाटीसारखी लागते.

लाकूड कुठलं, हे इथे विचारावं लागत नाही. पश्चिमेकडे नवापूरचं आणि डांगचं सागवान. त्या सागाची कीर्ती अशी की जहाजबांधणीच्या लाकडासाठी इंग्रजांनी १८४० च्या दशकात डांगच्या राजांकडून जंगलं भाडेपट्ट्यानं घेतली. सागाच्या गाभ्यात तेल असतं, म्हणून वाळवी त्याच्या वाटेला सहसा जात नाही. सालीलगतच्या पांढऱ्या लाकडाला मात्र ते संरक्षण नसतं. कपाटाचा मागचा डावा पाय नेमका तशा लाकडाचा आहे आणि त्याच्याखाली पिठासारखा ताजा भुसा सांडला आहे. भोकांच्या कडा स्वच्छ, आतून फिकट. याचा अर्थ किडा अजून आत आहे.

शेवटची परीक्षा स्पिरिटची. डेस्कच्या बाजूला, न दिसणाऱ्या जागी, स्पिरिटचा बोळा दाबून धरला. अर्ध्या मिनिटात पृष्ठभाग चिकट झाला. म्हणजे हे लाखेचं पॉलिश, आणि लाखेचं असेल तर खरवडून काढायची गरज नाही.

सकाळी ९

सुतारआबा आले. सत्तरी ओलांडलेली, पण पटाशी धरलेला हात हलत नाही. चहा झाल्यावर त्यांनी डेस्क मांडीवर घेतलं आणि थोपटून पाहिलं. मी हातोडी पुढे केली तर म्हणाले, “घाई करू नको, ताई. लाकूडले बी ईचारनं पडस.”

डेस्कची चौकट सैल झाली आहे. उचललं की डगमगते. कुणीतरी मधल्या काळात तिला चार खिळे मारून ठेवलेत आणि त्या खिळ्यांनीच एक कड चिरली आहे. आबांनी ते खिळे बाहेर काढले, मग सांध्यांवर गरम पाण्यात पिळलेली फडकी गुंडाळली. सरसाची खरी थोरवी इथे कळते. तो वर्षानुवर्षं धरून ठेवतो, पण ऊब आणि ओल मिळाली की सोडतो. पंधरा-वीस मिनिटांत, लाकडाची ढलपीही न उडता, चौकट हातात आली.

कुसू, म्हणजे खाचेत बसणारी लाकडाची जीभ, बाहेर आला तसा आबांनी तो उन्हाकडे धरला आणि मला जवळ बोलावलं. कुसवाच्या गालावर पटाशीच्या टोकानं मारलेल्या तीन बारीक रेघा होत्या. समोरच्या खाचेच्या ओठावरही तीनच. दुसऱ्या कोपऱ्यात दोन आणि दोन, तिसऱ्यात एक आणि एक, चौथ्यात चार आणि चार.

“दख, तिसरा कुसू तिसराच खाचमा बसस.”

ज्यानं हे डेस्क केलं त्यानं प्रत्येक कुसू त्याच्या खाचेपुरता तासला होता. तो दुसरीकडे बसला नसता. जोडताना चूक होऊ नये म्हणून त्यानं या खुणा केल्या, आणि आज त्या आम्हाला उपयोगी पडल्या. त्या सुताराचं नाव कुठेच नाही. या वीस रेघांत मात्र तो अगदी समोर बसल्यासारखा वाटला.

सकाळी ११

आता सफाई. जुना सरस ओल्या ब्रशानं, मग बोथट पातीनं काढायचा. तो राहिला तर नवा नीट धरत नाही. लाकूड मात्र तासायचं नाही. कुसू केसाएवढाही बारीक झाला तर सांधा पुन्हा सैल.

आबांनी सरस एका डब्यात भिजवून ठेवला होता. तो डबा पाण्याच्या पातेल्यात ठेवून मंद तापवला. साठ अंशांच्या आसपास, बोट क्षणभरच टिकेल इतका गरम. उकळला की त्याची ताकद जाते. मी विचारलं, फेव्हिकॉलनं लवकर झालं नसतं का? आबांनी मान हलवली. लवकर झालं असतं, पण पुढच्याला उघडता आलं नसतं.

या वाक्यानं मला माझ्या आईची आरामखुर्ची आठवली. काही वर्षांपूर्वी मी ती एका कारखान्यात पॉलिशला दिली होती. परत आली ती चकचकीत. मशिननं घासून हातांच्या कडा गोल केल्या होत्या, पाठीवरच्या कमळाच्या पाकळ्या सपाट झाल्या होत्या आणि वरून मेलामाइनचा जाड थर दिला होता. आईचे हात जिथे टेकायचे तिथली झीज तिथे उरली नव्हती. खुर्ची मोडलेली नव्हतीच, तिला दुरुस्तीची गरजही नव्हती. मला फक्त ती छान दिसायला हवी होती. तो माझाच हट्ट होता आणि तो मला अजून सलतो. तेव्हापासून एकच नियम पाळते: मोडलं असेल तेवढंच दुरुस्त करायचं, आणि केलेलं पुढच्याला उलटवता आलं पाहिजे.

एक-एक, दोन-दोन, तीन-तीन, चार-चार. खुणा जुळवून चौकट बसवली. सुतळीचा वेढा दिला, त्यात काडी घालून पीळ दिला आणि कर्ण मोजले. दोन्ही कर्ण सारखे आले, म्हणजे चौकट काटकोनात आहे. आता उद्यापर्यंत तिला हलवायचं नाही.

दुपारी १२:३०

कपाटाचा पाय. कोमट पाण्यात बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड विरघळवून सिरिंजनं एकेका भोकात भरलं. पाय बिनरंगाचा आहे म्हणून पाणी आत मुरतं. उन्हात वाळला की भोकं मेणानं बुजवायची. ती सुबक दिसावीत हा त्यामागचा हेतू नाही. पावसाळ्यात नवं भोक पडलं तर ते लगेच ओळखू यावं, म्हणून.

कपाटाला बाहेरून हिरवा ऑइलपेंट आहे. जुन्या ऑइलपेंटमध्ये शिसं असू शकतं. घरगुती रंगांतलं शिसं ९० पीपीएमपर्यंत मर्यादित करणारे नियम आपल्याकडे २०१६ मध्ये झाले आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. हा रंग त्याच्या कितीतरी आधीचा. म्हणून कोरडं घासणं नाही. पोरांना अंगणाबाहेर पाठवलं, मास्क लावला, पॉलिश पेपर पाण्यात बुडवून फक्त सुटलेले पापुद्रे काढले आणि ते पिशवीत बांधले. धरून बसलेला रंग तसाच ठेवला.

दुपारी १:३०

नागलीची भाकरी, शेवभाजी, कांदा. जेवताना चाळीसगावच्या केकी मूस यांचा विषय निघाला. १९१२ साली जन्मलेला हा छायाचित्रकार-चित्रकार आयुष्याचा मोठा काळ रेल्वे स्टेशनजवळच्या आपल्या घरातच राहिला. साध्या वस्तूंची मांडणी करून टेबलावरच सबंध देखावा उभा करायचा आणि त्याचं छायाचित्र घ्यायचं, ही त्यांची खासियत. ते १९८९ मध्ये गेले; त्यांचं घर आज संग्रहालय आहे. खानदेशात घरच चित्रशाळा होऊ शकतं, आणि एका टेबलावर जग मावू शकतं, हे त्यांनी दाखवून दिलं. चित्रशाळा म्हणजे मोठी जागा नव्हे. उजेड, हाताच्या उंचीला बसणारा पृष्ठभाग आणि कागद कोरडा राहील अशी जागा, एवढं जमलं की काम होतं.

दुपारी २:३०

आता वस्तू कामाला कशा लागतील ते बघायचं. डेस्क बारा इंच उंच. मुनीमजी गादीवर बसून लिहीत. माझे गुडघे तेवढा वेळ मांडी घालू देत नाहीत. पाय जोडणं सोपं होतं, पण त्यासाठी डेस्कला भोकं पाडावी लागली असती. म्हणून आबा जुन्या दाराच्या सागातून अठरा इंचांची वेगळी घोडी करत आहेत. डेस्क तिच्यावर नुसतं बसेल. खिळा नाही, स्क्रू नाही. कुणाला पुन्हा गादीवर बसून लिहायचं असेल तर उचललं की झालं.

डेस्कच्या झाकणाचा उतार मात्र जणू माझ्यासाठीच केलेला. जलरंगाचा सपाट थर देताना कागद किंचित उतरता लागतो. रंगाचं पाणी थराच्या खालच्या कडेला जमतं आणि ब्रशाचा पुढचा फटकारा ते खाली ओढत नेतो. सपाट टेबलावर तेच पाणी जिथे थांबेल तिथे डाग धरतं. हिशेबाच्या वह्यांसाठी केलेला उतार आकाशाच्या थरासाठी चालून येईल असं मला वाटलं नव्हतं.

कपाटाच्या फळ्या सोळा इंच खोल. पूर्ण इम्पीरियल कागद २२ × ३० इंचांचा, तो आत जात नाही. अर्धा, १५ × २२ चा, आडवा बरोबर बसतो. जाळीमुळे हवा खेळती राहते. दुधासाठी केलेली ही सोय पावसाळ्यात कागदाला बुरशीपासून वाचवील. सरकवताना अडणाऱ्या खणाच्या कडांवर मेणबत्ती घासली. रंधा मारला नाही. पावसात लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. आज तासलेला खण मे महिन्यात खडखडला असता.

दुपारी ४

पॉलिशला हीच वेळ चांगली. हवा कोरडी आहे आणि ऊन कललं आहे. दमट हवेत लाखेवर पांढरट साय धरते, म्हणून हे काम पावसाळ्यात करू नये. काल रात्री लिटरभर स्पिरिटात १२० ग्रॅम चपडा लाख भिजत घातली होती. आता ती मधासारखी दिसते आहे. कापसाचा बोळा मलमलीत बांधला, लाखेत बुडवून पिळला आणि डेस्कच्या बाजूवर लांबट वेटोळ्यांनी फिरवू लागले. चौकट हलवायची नव्हती, म्हणून ते होतं तिथेच ठेवून मीच त्याच्याभोवती फिरले.

नवी लाख जुन्या लाखेला किंचित विरघळवते आणि तिच्यात मिसळून जाते. जुन्या हातावर नवा हात वेगळा दिसत नाही. करडं, मेलेलं लाकूड बोळ्यामागून तांबूस होत जातं आणि त्याच्या शिरा वर येतात. बोळा एका जागी थांबवायचा नाही, थांबला की चिकटतो. तीन पातळ हात, मध्ये अर्धा-अर्धा तास. चौथ्यासाठी बोळा बुडवला तेव्हा आबा म्हणाले, “बस व्हयनं, ताई.”

झाकणाला लाख लावली नाही. तिच्यावर पाणी सांडलं की पांढरे डाग पडतात आणि माझ्या हाताशी तर सतत पाण्याचा मग. तिथलं जुनं पॉलिश कधीच झिजून गेलं होतं. त्या उघड्या लाकडाला जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन निम्मं-निम्मं करून चोळलं आणि जास्तीचं पुसून घेतलं. शाईचे दोन डाग आहेत. ऑक्झॅलिक ॲसिडनं ते निघाले असते. पण डाग म्हणजे मोडतोड नव्हे, ठेवले. कोपराची वाटीही तशीच आहे. उद्यापासून तिथे माझं कोपर टेकेल.

संध्याकाळी ६:३०

आबा गेले. तेलाच्या चिंध्या मी अंगणातल्या तारेवर एकेक मोकळी करून वाळत घातल्या. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं. चिंध्यांचा बोळा करून कोपऱ्यात टाकला तर तो आपोआप पेटू शकतो. लाकडाच्या घरात ही गोष्ट विसरून चालत नाही.

रात्री ९

झोपण्याआधी एक काम राहिलं होतं. डेस्कचा खण सकाळीच काढून ठेवला होता. तो उलटा केला आणि तळाला, जिथे पॉलिश लागत नाही अशा जागी, पेन्सिलीनं लिहिलं: माघ, रविवार. चारही सांधे सरसानं जोडले, गरम पाण्यानं सुटतील. अंगाला लाख, झाकणाला जवसाचं तेल. घोडी वेगळी आहे, डेस्कला भोक नाही.

मग थोडा विचार करून खाली एक ओळ आणखी लिहिली: सांधे उघडलेत तर कुसवांवरच्या रेघा मोजा.