टीबीच्या रुग्णाचे ताट: वेगळे नको, भरलेले हवे

घरात कोणाला टीबी झाल्याचे कळले की बहुतेक घरांत पहिल्याच आठवड्यात दोन गोष्टी होतात. रुग्णाचे ताट-पेला बाजूला काढला जातो. आणि अंडी, मासळी, शेंगदाणे 'उष्ण पडतात' म्हणून बंद होऊन त्याच्या वाट्याला पातळ भात आणि बिनतेलाची भाजी येते. पहिली गोष्ट भीतीपोटी होते, दुसरी मायेपोटी. दोन्ही चुकीच्या आहेत आणि दुसरी तर जिवावर बेतू शकते.

भांडी वेगळी कशाला?

टीबी हवेतून पसरतो. फुफ्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो तेव्हा जंतू हवेत जातात. ताटातून, पेल्यातून, हातात हात दिल्याने तो होत नाही. म्हणून खबरदारी हवेची घ्यायची: खिडक्या उघड्या ठेवायच्या, रुग्णाने सुरुवातीचे काही आठवडे मास्क लावायचा, खोकताना तोंडावर रुमाल धरायचा. योग्य औषधे नियमित सुरू झाली की संसर्गाचा धोका काही आठवड्यांत बराच कमी होतो.

१९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी पिऊन जो विटाळ नाकारला, त्याची वेदना आपल्याइतकी कोणाला ठाऊक? मग आपल्याच घरात, आपल्याच आजारी माणसाचा पेला कोनाड्यात का ठेवायचा? आधीच भूक मेलेल्या माणसाला एकट्याने जेवायला बसवले की तो दोन घास कमीच खातो.

अन्न हेही उपचारच

टीबी आणि उपासमार एकमेकांना धरून चालतात. शरीर खंगले की टीबी बळावतो आणि टीबी झाला की शरीर आणखी खंगते. झारखंडच्या चार जिल्ह्यांत झालेल्या 'राशन्स' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात रुग्णांना दरमहा १० किलोचा शिधा दिला होता: तांदूळ, डाळ, दूध पावडर, तेल. पहिल्या दोन महिन्यांत ज्यांचे वजन ५ टक्क्यांनी वाढले, त्यांच्यात मृत्यूचा धोका ६१ टक्क्यांनी कमी दिसला. ४० किलोच्या माणसासाठी ५ टक्के म्हणजे फक्त दोन किलो.

याच अभ्यासातली दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. काही गावांत घरातल्या इतरांनाही माणशी तांदूळ आणि तूरडाळ दिली गेली. त्या घरांत नव्याने टीबी होण्याचे प्रमाण ३९ टक्क्यांनी कमी राहिले. म्हणजे रुग्णाला वाढून स्वतः चटणी-भाकरीवर भागवणारी आई, बायको, बहीण हीसुद्धा धोक्यात असते. तिचे ताटही भरले पाहिजे.

रोजच्या स्वयंपाकात काय?

टीबीच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे साधारण १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात. ४५ किलोच्या माणसाला दिवसाला ५४ ते ६८ ग्रॅम. त्यासाठी महागडे डबे लागत नाहीत. हिशोब करून पाहा: दोन अंडी १२ ग्रॅम, दोन्ही जेवणांत मिळून शंभर ग्रॅम डाळ २२, पाव लिटर दूध ८, मूठभर शेंगदाणे ७, आणि ज्वारीच्या तीन-चार भाकरी १५ ते २०. झाली गरज पूर्ण.

भूक नसते तेव्हा दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडे थोडे द्यावे. सकाळी दुधातली नाचणीची आंबील किंवा सातूचे पीठ. मधल्या वेळी उकडलेले अंडे, केळे किंवा शेंगदाण्याचा लाडू. दुपारी घट्ट वरण, भाकरी, शेवग्याची किंवा कोणतीही पालेभाजी, वर लिंबू. रात्री मऊ मुगाची खिचडी, त्यात दोन चमचे शेंगदाण्याचे कूट आणि चमचाभर तेल किंवा तूप. चव गेली असेल तर भाजलेल्या जवळ्याची किंवा सुकटीची चटणी तोंडाला पाणी आणते आणि प्रथिनेही देते. पोटात जळजळ असेल तर तिखट कमी करावे, अन्न नाही.

औषधे साधारणपणे उपाशीपोटी घ्यायची असतात. मळमळ होत असेल तर ती कशी घ्यावीत, हे दवाखान्यात विचारावे; मनाने बंद करू नयेत. लघवी नारिंगी-लाल होते ती औषधामुळे, घाबरू नये. मात्र डोळे पिवळे झाले किंवा उलट्या थांबेनात, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. दारू पूर्ण बंद, कारण यकृतावर आधीच औषधांचा भार असतो. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर आहार डॉक्टरांना विचारूनच ठरवावा.

आपण काय करायचे?

विनयपिटकाच्या महावग्गात एक प्रसंग आहे. अतिसाराने आजारी पडलेला एक भिक्खू स्वतःच्याच घाणीत पडून होता. तो इतरांच्या काही उपयोगाचा नाही म्हणून त्याच्याकडे कोणी फिरकत नव्हते. तथागतांनी आनंदाला सोबत घेऊन स्वतःच्या हातांनी त्याला आंघोळ घातली आणि बिछान्यावर निजवले. पुढे तिथेच चांगल्या शुश्रूषा करणाऱ्याचे गुण सांगितले आहेत. रुग्णाला काय पथ्याचे आणि काय अपथ्याचे हे त्याने ओळखावे आणि किळस बाळगू नये, हे त्यातले दोन. स्वयंपाकघरात उभे राहणे ही धम्माचीच कृती आहे, आणि ती फक्त बाईची नाही. घरातल्या तरुण मुलाला वरण-खिचडी आणि अंडी उकडणे यायलाच हवे.

रुग्णाला निक्षय पोषण योजनेतून उपचार सुरू असेपर्यंत दरमहा मदत मिळते. २०१८ मध्ये ती ५०० रुपये होती, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० रुपये आहे. पैसे थेट खात्यात येतात. खाते जोडलेले नसेल तर अडकतात. आरोग्य केंद्रात सोबत जाऊन ते काम करून द्या. घरातल्या सर्वांची तपासणी करून घ्या. २०२२ पासून 'निक्षय मित्र' म्हणून नोंदणी करून व्यक्ती किंवा संस्था रुग्णाला पोषण आहाराची टोपली देऊ शकते. जयंतीच्या वर्गणीतून डीजेचा एक तास कमी केला, तरी वस्तीतल्या एखाद्या रुग्णाच्या डाळ-अंड्यांची सोय होईल.

साध्या टीबीचा उपचार साधारण सहा महिन्यांचा असतो. एवढे दिवस रोज एक ताट प्रेमाने भरायचे आणि त्याच पंगतीत, आपल्या शेजारी मांडायचे.